साडेबारा व्होल्टचा भरवसा

पावसाळा लागला की गाड्यांच्या बॅटऱ्या बसायला लागतात आणि सगळे दोष पावसाला देतात. खरं तर पावसाचा त्यात फारसा हात नसतो. बॅटरीचं नुकसान होऊन गेलेलं असतं एप्रिल-मेमध्ये, बॉनेटखालच्या ६०-७० अंशांच्या हवेत. तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पाणी उडतं, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते, चार्ज आपोआप उतरतो. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा सेल्फ मारून मोकळी होते. जून आला की वायपर, हेडलाइट आणि काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर असं सगळं एकदम चालू होतं. त्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तासभर आयडलवर. मग एका सकाळी 'कट' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही.

म्हणून बॅटरी तपासायची खरी वेळ मे महिन्याची अखेर. आपल्याकडे मात्र ती तपासली जाते गाडी बंद पडल्यावर, घाईत, रस्त्याच्या कडेला. आणि बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने.

चुकीची पद्धत कोणती हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वायरचा एक तुकडा घ्यायचा, एक टोक मायनसवर धरायचं, दुसरं प्लसवर घासायचं. चांगली जाड ठिणगी उडाली की 'बॅटरी ओके आहे'. या तपासणीत दोन दोष आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. पहिला असा की ती काहीच सांगत नाही. आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक मेलेली, १०.५ व्होल्टवर आलेली बॅटरीही झकास ठिणगी देते. क्षणभर करंट वाहिला एवढंच त्यातून कळतं. तो पाच-दहा सेकंद टिकेल का, हे नाही. दुसरा दोष असा की ती ठिणगी नेमकी तिथे पाडली जाते जिथे ती कधीच पडू नये.

बॅटरी चार्ज होताना, विशेषतः १४.४ व्होल्टच्या आसपास गेल्यावर, आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ते मिश्रण पेट घेतं, आणि पेटायला लागणारी ऊर्जा इतकी कमी की नायलॉनच्या कपड्यातून उडालेली, हाताला जाणवलीही नाही अशी ठिणगी पुरते. स्फोट झाला तर बॅटरीचं झाकण फुटतं आणि तुकड्यांबरोबर आम्ल उडतं. तपासणारा माणूस त्या वेळी बॅटरीवर वाकून बघत असतो. डोळे सगळ्यात जवळ असतात.

मेंटेनन्स-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत हे होत नाही, असा एक समज आहे. तिलाही बारीक छिद्रं असतातच. गॅस कमी होतो, होतच नाही असं नाही. शिवाय आतल्या आतही ठिणगी पडू शकते. पाणी कमी होऊन प्लेटांची डोकी उघडी पडली की वरची मोकळी जागा गॅसने भरते, आणि दोन सेलमधला सांधा तडकलेला असेल तर सेल्फ मारताना तिथेच आर्क होतो. बरेचसे स्फोट इंजिन क्रँक करतानाच होतात, त्याचं हे एक कारण. जुन्या, पाणी आटलेल्या बॅटरीवर दुसऱ्याने सेल्फ मारताना तिच्यावर तोंड आणून उभं राहू नये.

म्हणजे सावधगिरी ही तपासणीच्या आधी उरकून टाकायची वेगळी पूजा नव्हे. प्रत्येक नियमामागे आत चाललेली एक क्रिया आहे, आणि ती कळली की नियम पाठ करावा लागत नाही. निगेटिव्ह आधी का सोडायचा? गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा मायनसला जोडलेला असतो. प्लसचा नट सोडताना दहाचा पाना बॉडीला टेकला की ३५ अँपिअर-अवर क्षमतेची साधी बॅटरीही काही शे अँपिअर त्या पान्यातून सोडते. पाना चिकटतो, लाल होतो. मायनस आधी काढलेला असेल तर तोच पाना बॉडीला टेकून काहीच होत नाही. जोडताना म्हणून उलट क्रम: प्लस आधी, मायनस शेवटी. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, त्यामुळे माणसं बॅटरीला हलक्यात घेतात. पण हातातली अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा किंवा बांगडी प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली की ती काही सेकंदांत लाल होते आणि निघता निघत नाही. हे सगळं आधी काढून ठेवायचं.

जवळ काय हवं, तर बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल (नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही), रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, बादलीभर स्वच्छ पाणी आणि खाण्याचा सोडा. गाडी मोकळ्या हवेत, इग्निशन बंद, किल्ली काढलेली, हँडब्रेक ओढलेला. नुकतीच चार्जरवरून उतरवलेली बॅटरी तासभर तशीच राहू द्यावी. चार्जरचे चिमटे काढायच्या आधी चार्जरचा प्लग भिंतीवरून बंद करावा, नाहीतर चिमटा सोडताना ठिणगी नेमकी गॅसवर पडते.

आता बॅटरीकडे नुसतं बघावं. उपकरण बाहेर काढण्याआधी निम्मं कळून जातं. कुशीला फुगवटा आला असेल तर ती जास्त तापली किंवा जास्त चार्ज झाली आहे. तिला घरी चार्ज करायला जाऊ नये. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जास्तीच्या चार्जिंगमुळे हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतोय. चार्जर किंवा इंजिन बंद करून दूर व्हावं. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली असेल तर ती शिशाची आणि तांब्याची सल्फेटं असतात. एक पेला पाण्यात मोठा चमचाभर सोडा कालवून जुन्या टूथब्रशने ती धुवावी, पण सेलची बुचं घट्ट लावलेली असताना. सोड्याचं पाणी आत गेलं तर आम्ल मारलं जातं. आणि बॅटरी हाताने हलते का तेही बघावं. पट्टी ढिली असेल तर खड्ड्यांनी प्लेटांवरचा लेप झडतो आणि तळाशी गाळ साचून सेल शॉर्ट होतो. आपल्या रस्त्यांवर हा दोष पुस्तकात लिहिलाय त्याहून जास्त दिसतो.

बुचं असलेल्या बॅटरीत पाण्याची पातळी टॉर्चने बघायची. काडी किंवा लायटर लावून आत डोकावणारे अजूनही आहेत, म्हणून हे लिहावं लागतं. प्लेटांच्या वर १० ते १२ मिलिमीटर पाणी हवं, किंवा बाहेरच्या दोन खुणांच्या मध्ये. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, एसीतून ठिबकलेलं नको. त्यातलं लोह चार्ज आपोआप उतरवतं आणि क्लोराइड प्लेटा खातं. 'बॅटरी कमजोर झाली, थोडं अ‍ॅसिड टाकू' हा सल्ला तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. आम्ल उडून जात नाही, उडतं ते पाणी. आम्ल कमी झाल्यासारखं वाटतं कारण ते सल्फेट होऊन प्लेटांत जाऊन बसलेलं असतं. चार्ज केल्यावर परत येतं. वरून आणखी ओतलं की हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर, आकडा सुंदर दिसतो आणि प्लेटा लवकर मरतात. पूर्ण पातळीपर्यंत पाणी चार्जिंगनंतर भरावं, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच.

यानंतर मल्टिमीटर. डीसी व्होल्टचा २० चा टप्पा, काळी प्रोब कॉमनमध्ये, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तशीच बॅटरीच्या टोकांना लावली तर मीटर म्हणजे एक जाड वायर होऊन बसतो. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो. प्रोब टेकवण्याआधी भोकाकडे एकदा बघणं ही सवय हाताला लागायला हवी.

आणि प्रोब क्लॅम्पला नाही, बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला टेकवायची. का, ते पुढे येईल.

गाडी चालवून आल्याबरोबर मोजलं तर १३ च्या वर आकडा येतो आणि मन प्रसन्न होतं. तो वरवरचा चार्ज. चार-सहा तास, शक्यतो रात्रभर गाडी उभी राहू द्यावी. वेळ नसेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन मिनिटं लावायचे, मग बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं. शांत बॅटरीचा आकडा साधारण असा वाचतात: १२.६५ म्हणजे भरलेली, १२.४५ पाऊण, १२.२५ च्या आसपास निम्मी, १२.०५ पाव, ११.९ च्या खाली रिकामी. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांच्यात पाऊण व्होल्टचं अंतर. सगळा खेळ दशांशानंतरच्या दोन अंकांत आहे, त्यामुळे सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायच्या शोभेच्या व्होल्टमीटरवर विसंबू नये. आकडा १०.५ च्या जवळ अडकून बसला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहापैकी एक सेल गेला, एवढं खुशाल समजावं.

मात्र १२.६ दिसले म्हणून बॅटरी चांगली, असं नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. विहिरीत पाणी किती वर आलंय हे काठावरून दिसतं. झरा किती जिवंत आहे ते मोटर लावल्यावरच कळतं. महिनोन्‌महिने अर्धी उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीत शिशाचं सल्फेट कडक स्फटिक होऊन बसतं. प्लेटचा कामाचा भाग उरतो थोडा. तेवढा भाग चार्जरवर झटपट भरतो, मीटरवर १२.६ दाखवतो आणि सेल्फ मारला की कोसळतो. 'तासाभरात फुल्ल चार्ज झाली' ही तक्रार असावी, कौतुक नव्हे.

बुचांची बॅटरी असेल तर व्होल्टमीटरपेक्षा हायड्रोमीटर कितीतरी जास्त बोलतो, आणि तो किरकोळ किमतीला मिळतो. त्यामागचं रसायन १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिली शिसे-आम्ल बॅटरी केली तेव्हापासून तेच आहे. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटा सल्फेट होत जातात, त्यासाठी आम्ल खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. द्रव पातळ होतो. चार्जचा हिशेब असा थेट द्रवाच्या घनतेत लिहिला जातो, आणि तोही प्रत्येक सेलचा वेगळा. व्होल्टमीटर सहा जणांची बेरीज सांगतो. कोण आजारी आहे ते हायड्रोमीटर सांगतो.

बाजारातल्या हायड्रोमीटरवर दशांश चिन्ह गाळून ११०० ते १३०० असे आकडे छापलेले असतात. रबरी फुगा दाबून नळी सेलमध्ये घालायची, फुगा हळू सोडायचा, आतला फ्लोट काचेला न टेकता तरंगेल एवढाच द्रव घ्यायचा. एक-दोनदा भरून परत सोडून दिलं की फ्लोटला चिकटलेले बुडबुडे जातात. नळी सेलच्या तोंडातून बाहेर न काढता, डोळे पातळीच्या रेषेत आणून वाचायचं. डोळे पातळीत म्हणजे चेहरा जवळ आलाच. गॉगल इथे लागतो. वाचून झालं की द्रव त्याच सेलमध्ये परत. एका सेलचं आम्ल दुसऱ्यात टाकलं की दोघांचाही हिशेब कायमचा बिघडतो. कागदावर सहा आकडे प्लसकडून ओळीने लिहावेत; लक्षात राहतील असं वाटतं, पण राहत नाहीत.

१२६५ म्हणजे पूर्ण, १२२५ पाऊण, ११९० निम्मी, ११२० रिकामी, हे सर्वसाधारण कोष्टक. पण उष्ण हवामानासाठीच्या बऱ्याच बॅटऱ्यांत मुळातच जरा पातळ, १२४० ते १२५० चं आम्ल भरतात, म्हणजे प्लेटा जास्त टिकतात. तिथे १२४० ला 'कमी' म्हणून चार्जरवर ताणत बसणं चूक. लेबल किंवा सोबतचं पत्रक बघावं. आणखी एक हिशेब: घनतेच्या आकड्यात ०.८४ मिळवले की त्या सेलचा शांत असतानाचा व्होल्ट निघतो. १.२६५ अधिक ०.८४ म्हणजे २.१०५, त्याच्या सहापट १२.६३. मीटर आणि हायड्रोमीटर यांची उत्तरं या हिशेबात जुळली नाहीत तर दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. बहुधा नुकतंच पाणी टाकलेलं असतं. पाणी हलकं, ते वरच राहतं, आणि हायड्रोमीटर वरचाच थर ओढतो. पाणी टाकल्यावर चांगलं चार्जिंग किंवा एक लांबची फेरी झाल्याशिवाय घनता मोजू नये.

तापमानाचीही दुरुस्ती आहे. आपल्याकडचे आकडे सहसा २७ अंशांना धरतात. द्रव त्याहून दर १० अंश जास्त तापलेला असेल तर ७ मिळवायचे, थंड असेल तर वजा. चंद्रपूरला मे महिन्यात ४७ अंशांच्या बॅटरीत १२४० वाचले तर ते १२५४ असतात. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे उलटा हिशेब. पण एकट्या आकड्यापेक्षा सहा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. पाच सेल १२४० ते १२५० मध्ये आणि एक ११९०: बॅटरी संपली, कितीही चार्ज करा. ५० चा फरक ही सर्वमान्य हद्द आहे. २५-३० च्या फरकाला आधी एकदा सावकाश, पूर्ण चार्ज देऊन बघायला हरकत नाही. सगळेच सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी निर्दोष असण्याची शक्यता मोठी. ती फक्त उपाशी आहे, आणि उपाशी का आहे हे गाडीत शोधायला हवं.

आम्ल अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, भिजलेला कपडा काढून टाकायचा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटं, आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्यात सोडा वगैरे घालायचा नाही. सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी. सुती पँटवर उडालेला थेंब त्या वेळी दिसतही नाही, धुतल्यावर तिथे भोक पडतं. या कामाला जुने कपडे.

काही बॅटऱ्यांच्या झाकणावर असतो तो रंगीत डोळा म्हणजेही एक बारका हायड्रोमीटरच. तो सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. हिरवा दिसला म्हणजे तो एक सेल ठीक आहे, बाकी पाचांबद्दल तो गप्प. रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, शेजारचं स्टिकर वाचावं. पाणी कमी असल्याचा रंग दिसत असेल आणि बॅटरी बंद झाकणाची असेल तर तिला चार्जही करू नये, जंपही (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार) देऊ नये. ती बदलायची.

आता झरा बघू, म्हणजे मोठा करंट ओढला तर बॅटरी तग धरते का. लोड टेस्ट करण्याआधी बॅटरी किमान १२.४ व्होल्टवर हवी. उतरलेल्या बॅटरीवर लोड टाकून तिला नापास करणं हा अन्याय आहे, आणि दुकानांतून तो रोज होतो. दुकानातल्या लोड टेस्टरने कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या (थंडीत सेल्फ मारताना बॅटरी देऊ शकते त्या करंटच्या) निम्मा लोड १५ सेकंद द्यायचा. तो आकडा लेबलवर नसेल तर अँपिअर-अवरच्या तिप्पट. ३५ च्या बॅटरीला साधारण १०५ अँपिअर. १५ व्या सेकंदाला व्होल्ट ९.६ च्या वर हवेत. ही हद्द २१ अंशांची आहे. आपल्या उन्हाळ्यात बॅटरीला काम सोपं जातं, तेव्हा मे महिन्यात ९.७ म्हणजे काठावर पास समजावं. चिमटे लावताना टेस्टरचं बटण बंद हवं आणि काढतानाही बंद हवं. लोड चालू असताना चिमटा निसटला तर पुन्हा तीच ठिणगी, तीच जागा.

टेस्टर नसला तरी गाडीचा सेल्फ हाच लोड आहे. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू होणार नाही असं करायचं, गिअर न्यूट्रल, एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून मीटर वाचायचा. १० सेकंदांपेक्षा जास्त नाही; पुन्हा करायचं तर दोन मिनिटं थांबून, नाहीतर सेल्फची मोटर तापते. आकडा १० च्या वर स्थिर राहिला तर छान. ९.६ च्या खाली घसरत गेला तर बॅटरी कमजोर. आणि बॅटरीचा आकडा १२ च्या वर ठणठणीत असताना सेल्फ फिरतच नसेल, तर दोष बॅटरीत नाहीच. करंट तिथपर्यंत पोचत नाहीये.

याच ठिकाणी सगळ्यात जास्त चांगल्या बॅटऱ्या उगाच बदलल्या जातात. मधल्या केबलींची तपासणी कुणी करत नाही, तिला खर्च शून्य असूनही. मीटर व्होल्टवरच ठेवायचा. एक प्रोब मायनसच्या शिशाच्या खुंटाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायचा. आदर्श आकडा शून्याच्या जवळ, ०.२ ते ०.३ पर्यंत चालतो. १ व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी, तिचा बोल्ट किंवा क्लॅम्प खराब. तसंच प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत: ०.५ च्या आत. कारण साधं आहे. एका गंजलेल्या सांध्याचा रोध एक ओहमच्या शंभराव्या भागाइतका असला तरी १५० अँपिअर वाहताना तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतो. गाडीतला छोटा दिवा जोडून बघितलं तर तोच सांधा निर्दोष दिसेल. म्हणून प्रोब आधी खुंटाला, मग त्याच्या क्लॅम्पला लावून दोन्ही वेळा सेल्फ मारून बघायचा. दोन आकड्यांत फरक पडला की दोष क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधल्या काळ्या थरात सापडला. पॉलिशपेपरने घासून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन आणि मग क्लॅम्प असं करू नये.

इंजिन चालू असतानाची तपासणी ही तिसरी. १५००-२००० आरपीएमला टोकांवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर लावूनही १३.५ च्या वर. कमी म्हणजे बेल्ट, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा वायरिंग, १४.८ च्या वर जाऊन तिथेच राहिला तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, आणि मग दर महिन्याला पाणी का आटतंय याचंही उत्तर मिळालं. अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, क्षणभर १२.८ आणि उतारावर १५ सुद्धा दिसू शकतात. अशा गाडीत दहा मिनिटं वेगवेगळ्या लोडवर बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

'इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढून बघ, बंद पडलं तर अल्टरनेटर गेला.' ही युक्ती जुन्या फियाट-अँबेसेडरच्या डायनामोच्या काळातून चालत आली आहे. अल्टरनेटर करंट देत असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर ऐंशी-शंभरापर्यंत उसळू शकतं. आधी त्याचे स्वतःचे डायोड जातात, मग इंजिनचा कॉम्प्युटर. शिवाय वायर सुटताना पडणारी ठिणगी गॅस सोडणाऱ्या, नुकत्याच चार्ज होत असलेल्या बॅटरीवर. एका झटक्यात सगळ्या चुका करायच्या असतील तर याहून चांगला उपाय नाही.

बॅटरी पास, चार्जिंग पास, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की बसते? मग कुणीतरी करंट पितंय. मायनसची वायर सुटी करून खुंट आणि वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावायचा. दरवाजाचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून गाडीला दरवाजे बंद असल्याचं भासवायचं आणि अर्धा तास थांबायचं, कारण कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही चालू करायचं नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातातच, म्हणजे ३५ ची बॅटरी पंधरवड्यात निम्मी. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघायचं. मागाहून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम आणि म्युझिक सिस्टिम यांच्यापासून सुरुवात केली तर बहुधा पुढे जावं लागत नाही. काम झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. पुढच्या वेळी तो मीटर उचलणाऱ्याला ती कुठे होती हे आठवणार नाही.

दुकानात हल्ली छोटं यंत्र लावून पावती काढतात. ते लोड देत नाही, बॅटरीचा कंडक्टन्स, म्हणजे ती करंट किती सहज वाहू देते ते मोजतं. सुरक्षित आहे, ठिणगी नाही, उतरलेल्या बॅटरीबद्दलही बरंच सांगतं. पण त्यात कोल्ड क्रँकिंगचा आकडा आणि त्याचं मानक आधी भरावं लागतं, आणि तिथे चूक झाली की निकाल चुकतो. लेबलवरच्या ३८बी२० या मॉडेल क्रमांकातला ३८ म्हणजे अँपिअर-अवर नव्हेत, ती बॅटरी ३५ ची असते. बी ही आकाराची श्रेणी आणि २० ही सेंटिमीटरमधली लांबी. पावतीवर 'बदला' आलं तर यंत्रात काय भरलं होतं ते विचारावं. 'चार्ज करून पुन्हा तपासा' आलं असेल आणि दुकानदार तरीही नवीच बॅटरी पुढे करत असेल तर दुकान बदलावं.

दुचाकीच्या झाकणबंद बॅटरीला पट्टी उचकटून पाणी घालू नये; तिला फक्त व्होल्ट आणि सेल्फची तपासणी. भरलेली असेल तर ती १२.८ च्या आसपास दाखवते. ट्रक-बसमध्ये दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. प्रत्येकीला वेगळं तपासायचं, आणि मधूनच १२ व्होल्टचा टेपरेकॉर्डर वगैरे जोडला असेल तर तो ज्या एका बॅटरीवर चालतो तिच्याकडे आधी बघायचं. लेहला किंवा कॅनडात राहणाऱ्यांसाठी एक वाक्य: पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला ना लोड, ना चार्ज, ना जंप.

जंप द्यायचाच तर लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडणारच. ती गॅसपासून दूर पडावी म्हणून एवढा उपद्व्याप. काढताना बरोब्बर उलट.

बॅटरी खरोखरच गेली असेल तर ती घरी आम्ल ओतून रिकामी करू नये. गटारात गेलेल्या आम्लाबरोबर विरघळलेलं शिसंही जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची सोय करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतातच. ती उभी, बुचं लावून, प्लसवर चिकटपट्टी मारून न्यावी. भंगारवाला 'पाणी काढून दे' म्हणाला तर त्याला देऊ नये. घरी आल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि ते धुवेपर्यंत तंबाखू-बिडीला हात लावू नये.